पक्षच नाहीत अशा विधानसभेत नेता घडतो कसा? पॉल ओकालिक यांचं उदाहरण

प्रश्न थोडक्यात असा आहे की ज्या विधानसभेत पक्ष नाहीत, व्हिप नाही, तिकीट नाही, तिथे राजकारण्याचं करिअर नक्की उभं राहतं कशावर, आणि कॅनडातल्या नुनावुतच्या एखाद्या इनुइट (आर्क्टिकच्या मूळ रहिवासी समाजातल्या) नेत्याचं उदाहरण घेऊन हे समजावून सांगाल का. सोबत एक जोडप्रश्न आहे, की नऊ वर्षं मुख्यमंत्री राहिलेला माणूस नंतर साधा आमदार म्हणून परत का येतो.

माझं पोट सभागृहांच्या कामकाजाच्या नोंदी वाचण्यावर चालतं, आधी मुंबईत आणि गेली अठरा वर्षं ओटावात, आणि एवढ्या वाचनात ज्या मोजक्या माणसांकडे मी परत परत जातो त्यातले एक म्हणजे पॉल ओकालिक. नुनावुतचे पहिले प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात 'पहिले' या शब्दावरच सगळा भर असतो आणि 2008 नंतरची वर्षं दोन ओळीत उरकलेली असतात. माझं मत उलट आहे. 2016 चा त्यांचा राजीनामा कळला नाही तर हा माणूसच कळत नाही. पण तिथपर्यंत पोचायला जरा मागून यावं लागेल.

आधी जागा कशी आहे ते बघा. नुनावुत म्हणजे इनुक्टिटुट भाषेत 'आपली जमीन'. क्षेत्रफळ 20 लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे भारताच्या जवळपास दोन तृतीयांश, आणि 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या किती, तर 36,858. त्यातले साधारण 85 टक्के इनुइट. (इनुइट हे अनेकवचन आहे, एका माणसाला इनुक म्हणतात.) 25 वस्त्या, आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही, विमानाने जायचं नाहीतर बर्फावरून नाहीतर उन्हाळ्यात बोटीने. अशा ठिकाणी एका मतदारसंघात निवडून यायला काहीशे मतं पुरतात, आणि ती देणारा प्रत्येक माणूस तुम्हाला, तुमच्या आईवडिलांना, तुम्ही तरुणपणी काय काय केलंत त्याला, सगळ्याला ओळखून असतो. हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

आणि हे लोक स्वतःच्या सभागृहात बसायला लागले तेच मुळात खूप उशिरा. पूर्वी हा सगळा भाग नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये (टेरिटरी म्हणजे आपल्या केंद्रशासित प्रदेशासारखा भाग) होता आणि त्याची कौन्सिल बराच काळ ओटावातून, म्हणजे केंद्र सरकारकडून, नेमलेल्या लोकांची होती. 1965 मध्ये एब ओकपिक हे पहिले इनुक सदस्य नेमले गेले आणि 1966 मध्ये सायमोनी मायकल हे निवडून आलेले पहिले इनुक सदस्य ठरले. तोपर्यंत सरकारी कागदावर इनुइट माणसाला आडनाव नसायचं, नंबर असायचा. 1940 च्या दशकात सरकारने प्रत्येकाला गळ्यात किंवा मनगटाला बांधायची एक चकती दिली होती, पूर्वेकडच्यांना 'ई' आणि पश्चिमेकडच्यांना 'डब्ल्यू' पासून सुरू होणारा नंबर. सायमोनी मायकल यांचा नंबर होता ई7-551. त्यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की मला या नंबरने पत्र यायला नको. त्यानंतर आडनावं नोंदवण्याची मोहीम निघाली आणि ती करायला एब ओकपिक गावोगाव फिरले. म्हणजे बघा, इनुइट आमदाराने लावून धरलेल्या अगदी सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक काय होती, तर मला माझ्या नावाने हाक मारा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नव्हतं.

ओकालिक जन्मले 26 मे 1964 ला, बॅफिन बेटावरच्या पांगनर्टंगमध्ये, म्हणजे चकत्यांचा काळ अजून चालू होता. दहा भावंडांतले धाकटे. पुढे शिकायला इकालुइटला (आता नुनावुतची राजधानी) आले, पण दारूपायी शाळेतून काढले गेले, घरफोडीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले, एका भावाने आत्महत्या केली. यातलं काहीही मी आतली बातमी म्हणून सांगत नाहीये, ओकालिक हे स्वतः उघडपणे बोलत आलेत. आपल्याकडे असा भूतकाळ असला की तो दाबायला माणसं ठेवली जातात. तिथे दाबणार कोणापासून, सगळ्या गावाला माहीत. शिवाय ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात असंच काहीतरी घडलेलं असतं, त्यामुळे तो भूतकाळ त्यांच्यातला आणि मतदारातला एक धागाच झाला.

मग 1980 च्या दशकात ते जमिनीच्या हक्काच्या वाटाघाटी करणाऱ्या इनुइट संघटनेत कामाला लागले. माझ्या मते त्यांची खरी राजकीय शाळा हीच, कारण तिथे भाषणं कमी आणि कलमं जास्त होती. कुठल्या जमिनीवर कोणाची मालकी, खाणीचा हक्क कोणाचा, सरकारी नोकरीत इनुइट किती असावेत, हे सगळं ओळ न ओळ भांडून ठरवायचं. टेरिटरीचे दोन भाग करावेत का यावर 1982 मध्ये सार्वमत झालं त्यात 56 टक्के लोकांनी हो म्हटलं होतं, आणि नुनावुत करारावर सह्या झाल्या 25 मे 1993 ला. साधारण साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइट मालकीची झाली, वर 14 वर्षांत मिळून 1.1 अब्ज डॉलरच्या वर रक्कम. आकाराने एवढी मोठी गोष्ट बंदूक न उचलता, टेबलावर बसून मिळवली, याचं मला आजही अप्रूप आहे. पण त्याची किंमतही मोठी होती, बदल्यात बाकीच्या जमिनीवरचा पिढीजात हक्क इनुइटांना सोडून द्यावा लागला, आणि त्यावरून तिथल्या जुन्या माणसांच्या मनात आजही सल आहे.

दरम्यान ओकालिक दारू सोडून ओटावाला शिकायला गेले, 1995 मध्ये कार्लटन युनिव्हर्सिटीची पदवी, 1997 मध्ये ओटावा युनिव्हर्सिटीची कायद्याची पदवी, आणि फेब्रुवारी 1999 मध्ये वकिलीची सनद. नुनावुतमधले पहिले इनुक वकील. त्याच महिन्यात, 15 फेब्रुवारीला, नव्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली, 19 जागा, 71 उमेदवार, मतदान 88 टक्के. ओकालिक इकालुइट वेस्टमधून निवडून आले आणि पुढच्या महिन्यात, वयाच्या 34 व्या वर्षी, प्रीमियर म्हणून निवडले गेले. 1 एप्रिल 1999 ला नुनावुत अस्तित्वात आलं. सनद, आमदारकी आणि राज्याची सूत्रं, सगळं दोन महिन्यांच्या आत.

आता मुद्द्यावर येतो, पक्ष नसताना हे होतं कसं. सगळे उमेदवार आपल्या भाषेत अपक्षच. (आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्याच्या जवळपास जाणारा प्रकार, फरक एवढाच की आपल्याकडे आतून पॅनल कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक असतं.) निवडून आलेले आमदार एकत्र बसतात, आधी स्पीकर निवडतात, मग ज्यांना प्रीमियर व्हायचंय ते सगळ्यांसमोर बोलतात, प्रश्नांना उत्तरं देतात, आणि गुप्त मतदान होतं. मंत्री कोण हेसुद्धा आमदारच मतदानाने ठरवतात, प्रीमियर फक्त खाती वाटतो. पहिल्या सभागृहात 19 पैकी 1 स्पीकर, 8 कॅबिनेटमध्ये आणि उरलेले 10 साधे सदस्य. म्हणजे सरकार कायमच अल्पमतात. ते 10 जण एकत्र आले तर कुठलंही बिल अडवू शकतात, मंत्र्याला घरी पाठवू शकतात, प्रीमियरलासुद्धा. 2018 मध्ये पॉल क्वास्सा यांना याच पद्धतीने अविश्वासाच्या मतावर प्रीमियरपद सोडावं लागलं.

त्यामुळे तिथे करिअर करायचं म्हणजे हायकमांडला खूश ठेवणं नाही. शेजारी बसलेल्या अठरा जणांना पटवणं, आणि ते रोज. 1999 मध्ये प्रीमियरपदासाठी ओकालिक यांच्यासमोर होते जॅक अनावाक, माजी खासदार आणि नव्या टेरिटरीची सगळी पूर्वतयारी ज्यांच्या हाताखाली झाली ते अंतरिम कमिशनर. अनुभवाच्या हिशेबाने पद त्यांचंच वाटत होतं. पण आमदारांनी तरुण वकील निवडला. मला वाटतं करारातलं कलम न कलम ज्याला माहीत आहे असा माणूस त्यांना हवा होता, कारण पुढची दहा वर्षं ओटावाशी भांडण त्या कलमांवरच होणार होतं.

पण पक्ष नाही म्हणजे शिस्त नाही असं समजू नका, ही चूक बरेच जण करतात. एकदा कॅबिनेटमध्ये गेलात की कॅबिनेटचा निर्णय तो तुमचा निर्णय. अनावाक नंतर ओकालिक यांच्या कॅबिनेटमध्ये मंत्री होते, आणि 2003 मध्ये त्यांच्या रॅन्किन इनलेटमधल्या सरकारी नोकऱ्या बेकर लेकला हलवायचं ठरलं तेव्हा ते जाहीरपणे विरोधात बोलले, आणि त्यांचं मंत्रिपद गेलं. आपल्या लोकांची बाजू घेतली तर खुर्ची जाते, खुर्ची धरली तर लोकांना तोंड दाखवता येत नाही. हा पेच तेरा वर्षांनी खुद्द ओकालिक यांच्यासमोर येऊन उभा राहणार होता.

2004 मध्ये ते पुन्हा प्रीमियर झाले, या वेळी समोर होते टागाक कर्ली, कॅनडातल्या इनुइटांची राष्ट्रीय संघटना 1971 मध्ये उभी राहिली तिचे पहिले अध्यक्ष, म्हणजे त्या चळवळीतलं केवढं वजनदार नाव ते बघा. दोन टर्म मिळून ओकालिक यांनी काय केलं? रस्ते-पुलाच्या हिशेबात बघायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. बजेटचा सुमारे 90 टक्के पैसा केंद्राकडून येतो, घरांची टंचाई भयंकर, आणि सरकारी कारभार एकाच गावात न ठेवता दहा वस्त्यांत वाटायचा, हे धोरण राज्य जन्मायच्या आधीच ठरलेलं. कागदावर ते फार सुंदर आहे, पण जिथे राहायला घर नाही तिथे प्रशिक्षित माणूस जाणार कसा.

2006 मध्ये थॉमस बर्जर या माजी न्यायाधीशांचा करारावरचा रिपोर्ट आला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सरकारी नोकरीत इनुइट 45 टक्क्यांच्या आसपास अडकलेत (करारानुसार लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे 85 च्या जवळ हवेत) आणि 75 टक्के मुलं हायस्कूल पूर्ण करत नाहीत. कारण काय, तर मुलं घरून इनुक्टिटुट घेऊन येतात, चौथीच्या आसपास शाळा एकदम इंग्रजी होते, आणि दोन्ही भाषा अर्ध्या राहतात. मराठी शाळांवर जीव असलेल्या कोणालाही हे वाचून वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. 2008 मध्ये त्यांच्या सरकारने इनुइट भाषा संरक्षण कायदा, राजभाषा कायदा आणि नवा शिक्षण कायदा, तिन्ही एकाच वर्षात आणले. 2019-20 पर्यंत सगळ्या इयत्तांत इनुइट भाषेतून शिक्षण असं शिक्षण कायद्याने ठरवलं होतं. झालं नाही. शिकवायला पुरेसे इनुइट शिक्षकच तयार झाले नाहीत, आणि 2020 मध्ये ती मुदत 2039 पर्यंत पुढे ढकलली. हे अपयश एकट्या ओकालिक यांचं नाही, पण मुदत घालताना शिक्षक घडवायला किती वर्षं लागतात याचा हिशेब कच्चा होता आणि ती जबाबदारी त्यांच्या सरकारची होतीच. दुसरीकडे जमीन आणि खनिजांवरचा अधिकार केंद्राकडून नुनावुतकडे यावा म्हणून त्यांनी जो हट्ट धरला, त्याच्या वाटाघाटी कशा करायच्या या करारावर सप्टेंबर 2008 मध्ये सही झाली आणि अंतिम करार व्हायला जानेवारी 2024 उजाडलं. पंधरा वर्षांहून जास्त. प्रीमियर बदलत राहिले आणि फाइल चालत राहिली.

त्यांची चूकही सांगतो. 2007 मध्ये पालिकांच्या संघटनेच्या प्रमुख असलेल्या एका महिलेबद्दल त्यांनी अतिशय अपमानास्पद शब्द वापरला आणि नंतर सभागृहात माफी मागावी लागली. छोट्या समाजात अशी गोष्ट विसरली जात नाही, आणि विसरली जाऊही नये. ऑक्टोबर 2008 च्या निवडणुकीत स्वतःच्या जागेवर ते निवडून आले, पण नोव्हेंबरमध्ये प्रीमियरपदाच्या मतदानात ते आणि कर्ली दोघंही मागे पडले आणि ईव्हा आरिआक निवडल्या गेल्या. त्या सार्वत्रिक निवडणुकीत जिंकलेल्या त्या एकट्या बाई होत्या. इथे थोडं विषयांतर करतो, पण ते महत्त्वाचं आहे. 1997 मध्ये, राज्य जन्मायच्या आधी, एक प्रस्ताव आला होता की प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन आमदार निवडावेत, म्हणजे अर्धं सभागृह कायम स्त्रियांचं. सार्वमतात 57 टक्के लोकांनी तो फेटाळला. तो मंजूर झाला असता तर जगात दुसरं तसं सभागृह सापडलं नसतं. मला ती संधी गेली याचं खरंच वाईट वाटतं.

आता तुमच्या जोडप्रश्नाकडे. 2008 नंतर ओकालिक साधे आमदार म्हणून बसले, 2010 मध्ये स्पीकर झाले. नुनावुतच्या सभागृहात सगळे गोलाकार बसतात, राजदंड नार्व्हाल देवमाशाच्या दाताचा आहे, चर्चा इनुक्टिटुटमध्ये चालते आणि दुभाषे बाजूच्या काचेच्या खोलीतून इंग्रजी करत असतात. त्या वर्तुळात मुख्यमंत्र्याची खुर्ची कोणाच्या वर नसते, त्यामुळे दोन खुर्च्या सोडून बसण्यात कमीपणा वाटण्याचं कारणच नसतं. पक्ष नाही म्हणजे 'पक्षाने डावललं' ही जखम नाही, राजभवनात पाठवून सन्मानाने निवृत्त करायची सोय नाही, आणि ज्यांना कायदा आणि करार दोन्ही येतात अशी माणसं एवढ्या छोट्या समाजात मोजकीच असतात, मग ती घरी बसवणं परवडत नाही.

2011 मध्ये स्पीकरपद सोडून ते लिबरल पक्षाकडून खासदारकीला उभे राहिले आणि हरले, कोणाकडून, तर लिओना अग्लुक्काक यांच्याकडून, ज्या एकेकाळी त्यांच्याच कॅबिनेटमध्ये मंत्री होत्या आणि तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारात केंद्रीय मंत्री होत्या. म्हणजे पक्षाचं राजकारण त्यांनी एकदाच करून बघितलं. 2013 मध्ये इकालुइट-सिना मतदारसंघातून परत विधानसभेत आले, सभागृह आता 22 जणांचं होतं, आणि पीटर टॅप्टुना यांच्या सरकारात त्यांनी न्याय आणि आरोग्य ही खाती सांभाळली.

आरोग्य खातं तिथे म्हणजे सगळ्यात जड ओझं. 2013 या एका वर्षात नुनावुतमध्ये 45 आत्महत्या झाल्या. पस्तीस-छत्तीस हजारांच्या समाजात 45, त्यात बरीचशी तरुण मुलं. त्यावर 2015 मध्ये न्यायिक चौकशी बसली आणि तिच्यानंतर आत्महत्या रोखण्याची जबाबदारी एका मंत्र्यावर वेगळी सोपवली गेली, ती ओकालिक यांच्यावर. ज्याचा स्वतःचा भाऊ असा गेला त्या माणसावर.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकालुइटमध्ये सार्वमत झालं, शहरात सरकारी बिअर-वाइनचं दुकान उघडावं का. 77 टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. दुकानाच्या बाजूने असलेल्यांचा मुद्दा खोटा नव्हता. बंदी-परवान्याच्या भानगडीमुळे चोरून विकली जाणारी वोडका प्रचंड महाग मिळायची, लोक ती एका बैठकीत संपवायचे, त्यापेक्षा कमी ताकदीची दारू कायदेशीर मिळाली तर नुकसान घटेल असं त्यांचं म्हणणं. ओकालिक यांचं म्हणणं साधं होतं: नुनावुतमध्ये व्यसनमुक्तीचं एकही निवासी केंद्र नाही, माणसाला सुटायचं असेल तर हजारो किलोमीटर दक्षिणेला, परक्या भाषेत, घरच्यांपासून लांब जावं लागतं, मग आधी केंद्र उभारा आणि मग दुकान. कॅबिनेटने दुकानाला मंजुरी दिली आणि मार्च 2016 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

2003 मध्ये कॅबिनेटची जी शिस्त ओकालिक यांनी अनावाक यांना लावली होती तीच त्यांनी स्वतःला लावली. आत राहून बाहेर वेगळं बोलले नाहीत, खुर्ची सोडली आणि मग बोलले. मी धोरण म्हणून दुकानाच्या विरोधात आहे असं नाही, आकडे बघितले तर दोन्ही बाजूंना दम आहे, पण ज्या मतदारसंघात बहुतेकांना दुकान हवंय तिथल्या आमदाराने त्याच मुद्द्यावर मंत्रिपद सोडणं, हे पक्ष असता तर झालं असतं का? पक्षाने त्यांना परदेश दौऱ्यावर पाठवलं असतं, खातं बदललं असतं, काहीतरी जुळवून घेतलं असतं. इथे मधे उभं राहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे माणूस आणि त्याचं मत एकदम उघड्यावर आलं. तुम्ही विचारलंत ना की करिअर उभं राहतं कशावर, ते यावर, आणि पडतंही याच्यामुळेच.

दुकान सप्टेंबर 2017 मध्ये उघडलं, पहिल्या दिवसांत बाहेर लांब रांगा होत्या. पुढच्याच महिन्यात, 30 ऑक्टोबरला, निवडणूक झाली आणि ओकालिक इकालुइट-सिनामध्ये शहराच्या माजी महापौर एलिसापी शूतियापिक यांच्याकडून हरले. नुनावुतमध्ये व्यसनमुक्ती केंद्र बांधायला केंद्र सरकार, टेरिटरी आणि इनुइट संघटना मिळून पैसे देणार हे जाहीर झालं ऑगस्ट 2019 मध्ये, इकालुइटमध्येच. तेव्हा ते आमदार नव्हते.